खुबा मोडलेल्या आजीला पुन्हा उभं करताना: ग्रामीण रुग्णालयातल्या नव्या सिस्टरसाठी

विदर्भातल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रुजू झालेल्या सिस्टरच्या वाट्याला एक पेशंट ठरलेला असतो. वय सत्तरच्या पुढे, वजन चाळीस-बेचाळीस किलो. रात्री लघवीला उठताना अंगणात पाय घसरला, नाही तर वावरातून येताना बांधावर तोल गेला. खुबा धरून पडून आहे. सोबत मुलगा, सून, शेजारचा एक जण आणि "आता काय होते बाई, वय झालं" हे वाक्य.

हा लेख मुख्यतः त्या पेशंटच्या शुश्रूषेबद्दल आहे. ओघात गुडघे, मणका, मनगट यांचंही थोडं येईल. पुस्तकातला वॉर्ड आणि आपला वॉर्ड यांत मोठा फरक असतो. ऑर्थोचे, म्हणजे हाडांचे, डॉक्टर रोज नसतात, फिजिओथेरपिस्ट ठरलेल्या वारीच येतात, रात्री वॉर्डात तुम्ही आणि एक मदतनीस मावशी, आणि पेशंटचं गाव एसटीच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे. या वयात खुबा मोडल्यावर जीव जातो तो बहुतेक वेळा पडून राहण्यातून येणाऱ्या गोष्टींनी: न्यूमोनिया, शय्याव्रण, पायात रक्ताची गाठ, खाणंपिणं तुटणं. म्हणून डॉक्टरांपासून सुनेपर्यंत सगळ्यांनी एकाच गोष्टीच्या मागे लागायचं, ती म्हणजे पेशंट लवकर उठून बसणं आणि उभं राहणं. ज्याने त्याने आपापलं काम चोख केलं तरी हे होत नाही. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या जागी पेशंट अडकतो, आणि त्या प्रत्येक जागी हजर असणारी एकच व्यक्ती म्हणजे सिस्टर.

पहिला तास

आधी दुखणं. केस पेपर, आधार कार्ड, एक्स-रे यांच्याही आधी. आपल्याकडची म्हातारी माणसं कण्हत नाहीत. "मले काई नाई झालं" म्हणतात आणि पायाखालची चादर सरकवली की चेहरा पिळवटतो. दहापैकी किती दुखतं, हा प्रश्न इथे चालत नाही. "रुपयात किती दुखते, चार आणे का बारा आणे?" असं विचारा, झटकन उत्तर येतं आणि औषधानंतर पुन्हा विचारून तुलनाही करता येते. ऐकू न येणाऱ्या किंवा विसरभोळ्या माणसाचं कपाळ, ओठ आणि मूठ बघा. डॉक्टरांकडून दुखण्याचं औषध लिहून घ्या, द्या, आणि मगच एक्स-रेच्या टेबलावर हलवा.

मग दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहा. एक आखूड आणि पंजा बाहेर वळलेला असेल तर खुब्याचं फ्रॅक्चर धरूनच चला. तसं दिसत नसेल तरी निश्चिंत होऊ नका. हाड मोडून जागीच राहिलं असेल तर माणूस दोन पावलं चालतोसुद्धा. पडल्यानंतर जांघेत दुखतंय आणि पायावर भार घेववत नाही, एवढं डॉक्टरांना सांगायला पुरेसं आहे.

बरेच पेशंट दोन-चार दिवस पट्टी बांधणाऱ्याकडे राहून येतात. कामट्या, लेप, वरून घट्ट कापड. हातापायाची बोटं गार, निळसर, बधिर असतील, किंवा तुम्ही बोट हळूच ताणल्यावर पेशंट ओरडत असेल, तर तो आवळ ताबडतोब सैल करायचा आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवायचं. हे काम सकाळच्या राउंडपर्यंत थांबत नाही. प्लास्टर आपल्याच रुग्णालयात घातलेलं असलं तरी हाच नियम. आणि एक विनंती: पट्टी बांधणाऱ्याला पेशंटसमोर बोल लावू नका. घरच्यांचा त्याच्यावर विश्वास असतो, तुमच्यावर अजून बसायचा असतो. मी तर म्हणेन की तालुक्यातल्या अशा माणसांशी ओळख ठेवावी. "खुबा असेल तर हात लावू नका, सरळ इकडे पाठवा" हे एकाने जरी ऐकलं तरी चार जणांचे दिवस वाचतात.

आता चौकशी. पडल्या कशा, यापेक्षा पडल्या का, हे महत्त्वाचं. पाय अडखळला की आधी डोळ्यांपुढे अंधारी आली? बीपीची गोळी नुकतीच वाढवली होती का? शुगरची गोळी घेऊन जेवण राहिलं होतं का? ग्लुकोमीटर तिथेच लावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक अक्षरांत लिहा, ऑपरेशन आणि भूल दोन्ही त्यावर अवलंबून असतात. घरी पाठवून गोळ्यांची पूर्ण पिशवीच मागवून घ्या. तोंडी यादीवर विसंबू नका.

तीन प्रश्न आपल्या भागात विसरायचे नाहीत. पहिला, दारू आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). आबाजी रोज मोहाची घेत असतील तर भरती झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, बडबड सुरू होऊ शकते. आधी ठाऊक असेल तर डॉक्टर आधीच औषध सुरू करतात. हे बायकांनाही विचारायचं, घरच्यांना बाजूला पाठवून. दुसरा, सांधेदुखीसाठी घेतलेल्या पुड्या. गुडघेदुखीवर "एका दिवसात आराम" देणाऱ्या बिननावाच्या पुडीत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, आणि ते एकदम बंद झालं तर ऑपरेशनच्या वेळी बीपी कोसळू शकतं. गोल सुजलेला चेहरा, कागदासारखी पातळ कातडी, जागोजागी काळेनिळे डाग दिसले तर हा प्रश्न दोनदा विचारा. तिसरा, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात तो घराघरात आहे. घरात कोणाला असेल, किंवा पेशंटची चाचणी कधीच झालेली नसेल, तर भूल देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

शेवटी, पडण्याच्या आदल्या दिवशी पेशंट काय काय करत होती ते लिहून ठेवा. स्वतः न्हाणीत जायची? काठी होती? कापूस वेचायला जायची? पुढची सगळी मोजमापं या एका नोंदीवर चालतात. फिजिओथेरपिस्ट आल्यावर आधी हेच विचारतील.

पुढे पाठवायचं असेल तर

खुब्याच्या बहुतेक फ्रॅक्चरना ऑपरेशन लागतं आणि ते 48 तासांच्या आत व्हावं असं मानलं जातं. तुमच्याकडे ती सोय नसेल तर "सकाळी बघू" म्हणण्यात रात्र जाते. धारणी, भामरागड, कोरची अशा ठिकाणांहून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ताच काही तासांचा असतो. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर यांपैकी कुठे पाठवायचं हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील. पोचल्यावर ऑर्थोचं युनिट तयार आहे का, खाट आहे का, हा फोन मात्र पेशंट निघण्याआधी झाला पाहिजे. तो तुम्ही करा किंवा करवून घ्या, आणि कोणाशी बोलणं झालं ते रेफर चिठ्ठीवर लिहा.

108 ची रुग्णवाहिका दारात येण्याआधी अर्धा तास दुखण्याचा डोस जायला हवा. दोन पायांच्या मध्ये उशी, गुडघ्याच्या वर आणि घोट्याच्या वर रुंद पट्टीने दोन्ही पाय एकत्र, टाच मोकळी. पाठीखाली घडी न पडलेली चादर. सोबत जाणाऱ्या माणसाजवळ चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, गोळ्यांची पिशवी. "उपाशी ठेवा" हा निरोप किती वाजल्यापासून लागू आहे ते विचारून घ्या. म्हातारं माणूस ऑपरेशनच्या नुसत्या शक्यतेवर सकाळपासून रात्रीपर्यंत पाण्याशिवाय राहतं, हे मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात फार महागात पडतं.

घरच्यांचा मोठा प्रश्न पैशाचा नसला तरी भीतीचा असतो: या वयात ऑपरेशन कशाला? याचं उत्तर डॉक्टरांनी द्यायचं, पण ते समजलं की नाही हे तुम्ही तपासायचं. मी साधारण असं सांगते: ऑपरेशन चालण्यासाठी तर आहेच, त्याआधी दुखणं कमी व्हावं, कूस बदलता यावी, बसून जेवता यावं यासाठी आहे. न करता घरी नेलं तर महिनोन्महिने सगळं अंथरुणात करावं लागेल आणि ते कोण करणार हे आजच ठरवा. त्यानंतर निर्णय त्यांचा. पैशासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठून द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि 70 आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण 2024 पासून आहे. आधारवरचं वय आणि खरं वय यांत आपल्याकडे हमखास फरक निघतो; चालतं ते आधारवरचं. कागद आधी जमवा.

कोण काय करणार

ऑपरेशन होऊन पेशंट तुमच्याकडे परत आली, किंवा तुमच्याच रुग्णालयात झालं, तरी इथून पुढचं काम सारखंच. भरतीच्या दिवशीच खाटेच्या डोक्याशी एक कागद लावा. छापील फॉर्म्याची वाट पाहू नका, पाठकोरा चालतो. त्यावर सर्जनकडून एका प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या: ऑपरेशनच्या पायावर किती वजन टाकू द्यायचं? पूर्ण, थोडं, की अजिबात नाही. "हळूहळू चालवा" हे उत्तर घेऊ नका. हे उत्तर नसेल तर फिजिओथेरपिस्ट घाबरून थांबतात, मावशी घाबरून हात लावत नाहीत, सून घाबरून चमच्याने भरवते, आणि पेशंट पडून राहते. विचारायला लाज वाटू देऊ नका. सर्जनना हा प्रश्न आवडतो.

दुसरा प्रश्न: खुब्याचा गोळा बदलला आहे की सळई टाकली आहे? गोळा बदलला असेल तर पाय खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत, उकिडवं बसायचं नाही. नाहीतर गोळा निखळू शकतो. किती आठवडे पाळायचं ते सर्जन सांगतील. आता विचार करा, आपल्या खेड्यात जेवण, भाजी निवडणं, संडास, पाहुण्यांशी बोलणं यातलं काय जमिनीवर बसल्याशिवाय होतं? म्हणूनच हा प्रश्न पहिल्या दिवशी.

कामाची वाटणी अशी करा की नाव आणि वेळ लागेल. सकाळी नऊला खुर्चीत कोण बसवणार? दुपारी कूस बदलण्याचं कोणाकडे? "नातेवाईक बघतील" ही वाटणी नव्हे. मामा आणि मावशींना राउंडमध्ये उभं करा. पाठीवर लाल डाग पडला हे सगळ्यात आधी त्यांना दिसतं, पण त्यांना कोणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. रात्रपाळीला ड्यूटी देताना औषधांच्या यादीआधी पाच गोष्टी बोला: दुखणं किती आणे, आज किती वेळा उठली, लघवी-शौच, कातडी, आणि डोकं ठिकाणावर आहे का. त्यातही कालपेक्षा आज काय वेगळं आहे तेवढं सांगितलं तरी पुरे.

पहिल्यांदा उठवताना

डॉक्टरांची मनाई नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी. जखमेतली ड्रेनची नळी आहे, सलाईन आहे, रविवार आहे, ही कारणं नाहीत.

दुखण्याच्या गोळीचा डोस पाऊण तास आधी. खाटेचं डोकं वर करून पाच मिनिटं बसवा, बीपी बघा. मग पाय खाली सोडून कडेला बसवा, पुन्हा बीपी बघा, चक्कर विचारा. वरचा आकडा वीसने उतरला किंवा चेहरा पांढरा पडला तर परत आडवं करून डॉक्टरांना सांगा. पाणी कमी पडलंय, रक्त कमी आहे की बीपीची गोळी जास्त झाली हे डॉक्टर बघतील. ठीक असेल तर दोघींनी दोन्ही बाजूंनी. बगलेत हात घालून ओढायचं नाही, त्याने पेशंटचा खांदा जातो आणि तुमची कंबर. कमरेला रुंद ओढणी किंवा चादरीची घडी गुंडाळा आणि ती धरा. पेशंटला पुढे वाकायला सांगा, तिचे हात खाटेवर, वॉकरवर नाहीत. वॉकरला धरून उठायला गेलं की तो उलटतो. उभं राहिल्यावर वॉकर पकडायचा. गोळा बदललेल्या पेशंटला मात्र फार पुढे वाकवू नका; ऑपरेशनचा पाय पुढे सरकवून, पाठ ताठ ठेवून उठवा.

खुर्ची उंच हवी, गुडघे खुब्याच्या खाली राहतील इतकी. रुग्णालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या बहुधा बुटक्या असतात. दोन खुर्च्या एकात एक घातल्या की उंची आणि मजबुती दोन्ही मिळतात. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसली तरी चालेल, पण जेवण खाटेवर द्यायचं नाही, खुर्चीतच. जेवणासाठी दिवसातून तीनदा उठणं झालं की अर्धा व्यायाम आपोआप होतो, आणि बसून गिळल्याने ठसकाही कमी लागतो.

वॉकरची उंची: सरळ उभं राहून हात सोडले की मनगटाच्या रेषेपाशी मूठ यायला हवी. चालताना क्रम वॉकर, दुखरा पाय, चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे फिजिओथेरपिस्ट शिकवतील. ज्या दिवशी ते नसतात त्या दिवशी तुम्हीच आहात, म्हणून ते येतील तेव्हा शेजारी उभं राहून एकदा स्वतः करून घ्या.

डोकं भरकटलं तर

ऑपरेशननंतरच्या एक-दोन रात्रींत हे होतं. काल शुद्धीवर बोलणारी आजी सलाईन ओढते, मेलेल्या दिराला हाका मारते, वॉर्डाला घर समजते. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं. पहाटे कोणीतरी लिंबू-मिरची घेऊन येतं. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्यात रात्र घालवू नका. लिंबू उशाशी राहू द्या, पण हा आजार आहे, याला कारण असतं आणि कारण सापडलं की बहुतेकांचं डोकं ताळ्यावर येतं, हे ठामपणे सांगा. वेड लागलं नाही, हे ऐकूनच सुनेचा जीव खाली पडतो.

याचा दुसरा प्रकार जास्त फसवा. पेशंट शांत, झोपाळू, भिंतीकडे तोंड, हाक मारली की 'हं' म्हणते. सगळे म्हणतात, आज किती छान झोपली. अशा पेशंटकडे मुद्दाम जा. तारीख विचारण्यात अर्थ नाही, ती आपल्यालाही आठवत नाही. "आज कोणत्या गावचा बाजार?" विचारा. वार उलटे म्हणायला लावा. काल जमत होतं आणि आज जमत नाही, तर डॉक्टरांना फोन.

फोन करण्याआधी हाताशी ठेवा: ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुगर, शेवटची लघवी कधी आणि किती, शौच किती दिवसांपूर्वी, आज पोटात काय गेलं, नवं औषध कोणतं सुरू झालं. तुंबलेली लघवी आणि अडकलेलं शौच ही कारणं इतकी साधी आहेत की ती सुटून जातात. ओटीपोटावर हात ठेवून पाहा. दारूची चौकशी पहिल्या तासात केली असेल तर ती इथे कामी येते.

बाकी सगळं सिस्टरच्या हातात. चष्मा डोळ्यांवर, यंत्र कानात. रात्री मंद दिवा, दिवसा पडदा उघडा. एकच ओळखीचं माणूस सोबत, दर रात्री पाळी बदलून नवा नातेवाईक नको. हात बांधायचे नाहीत. बांधलेलं माणूस जास्त झटापट करतं आणि खाटेवरून पडतं. झोपेचं इंजेक्शन हा पहिला उपाय नाही, आणि ते आपल्या मनाने तर कधीच द्यायचं नाही. सुईच्या जागेवर लांब बाहीचं झंपर ओढून घ्या. दिसली नाही की ती ओढत नाही.

कातडी, लघवी, छाती

यावर तुमचं शिक्षण पुरेसं आहे, म्हणून थोडक्यात. दर दोन तासांनी कूस, पण बघायच्या जागा माकडहाड आणि टाचा. टाचेखाली नाही, पोटरीखाली उशी, म्हणजे टाच अधांतरी राहते. लाल जागेवर चोळायचं नाही, तेल नाही, पावडर नाही. हवा भरलेली रबरी रिंग देऊ नका, ती कडेने रक्त अडवते. लुगड्याच्या निऱ्या आणि परकराच्या नाडीची गाठ नेमकी कमरेखाली येते, ती बाजूला घ्या. यानेच पडलेले व्रण मी बरेच पाहिले आहेत. पायाला ट्रॅक्शन, म्हणजे पाय ताणून ठेवणारं वजन, बांधलं असेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पट्टी आवळली नाही ना, आणि पंजा वर उचलता येतो ना, हे प्रत्येक पाळीला.

लघवीची नळी कशासाठी ठेवली आहे हे रोज सकाळी विचारा. सांगता येण्याजोगं कारण नसेल तर काढण्याचा आदेश घ्या. डायपर ही तिची बदली नव्हे, कमोड खुर्ची ही बदली. छातीसाठी बसणं हेच औषध, त्याशिवाय तासाला दहा खोल श्वास. पंजे वरखाली करण्याचा व्यायाम नातवाला शिकवा. नातवंडं आजीकडून तो इमानदारीने करून घेतात.

गोळ्यांचं

ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल, दुखेल तेव्हा वरचं काही. मात्र चाळीस किलोच्या, कुपोषित बाईचा पॅरासिटामॉलचा डोस सत्तर किलोच्या माणसाइतका नसतो. लिहिलेला डोस वजनाशी ताडून पाहा. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणि सुया इकडे शेंगदाण्यासारख्या खपतात. म्हाताऱ्या माणसात त्या मूत्रपिंड, पोट आणि बीपी तिन्ही बिघडवतात. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच. लघवी कमी झाली तर डॉक्टरांना सांगताना ही गोळी चालू आहे का ते आधी बघा. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं कडक औषध सुरू झालं की जुलाबाचं सौम्य औषधही त्याच दिवशी मागून घ्या आणि डोक्याकडे लक्ष ठेवा.

"हाडं झिजली" म्हणून सोडून देऊ नये ते

ओपीडीत सांधेदुखीच्या शंभर तक्रारींत बहुतेक गुडघ्याच्या झिजेच्या असतात. त्यांना व्यायाम, काठी, वजन आणि खाली बसणं टाळणं याने खरोखर बरं वाटतं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, हे एवढं जरी सांगितलंत तरी पुष्कळ. पण काही पेशंट रांगेतून बाजूला काढायचे: एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म आणि ताप; रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं, सोबत वजन उतरणं, कारण मणक्याचा टीबी आपल्याकडे आहेच; पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणं किंवा लघवी अडणं. हे त्याच दिवशी डॉक्टरांपुढे.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने मान, पाठ, सांधे आखडतात. पेशंटला मान वळवता येत नाही, पाठ काठीसारखी ताठ, आणि त्याच गावातल्या पोरांचे दात पिवळट-तपकिरी, असं जुळलं तर गावाचं नाव आणि पाण्याचा स्रोत नोंदवा व आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. अशी हाडं एक्स-रेत दाट दिसतात, तरी ठिसूळ असतात.

घरी पाठवायची तयारी, पहिल्या दिवसापासून

सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू केलेली तयारी उपयोगाची नसते. भरतीनंतर लगेच गावच्या आशाताईला फोन करा. घर बघून यायला सांगा, जमलं तर मोबाइलवर फोटो. बघायचं काय ते नेमकं सांगा: झोपायला बाज आहे की खाट, किती उंच आणि मध्ये किती खोल गेली आहे, दाराचा उंबरठा, न्हाणीपर्यंतचा रस्ता, संडास कोणता आणि किती पावलांवर, रात्री उजेड असतो का.

सैल पडलेल्या बाजेवरून खुब्याचा पेशंट उठू शकत नाही. एक तर बाज ताणून घ्यायची किंवा वर फळी टाकायची, आणि पायांखाली विटा. विटा हलत नाहीत ना ते बसून बघायचं. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची वर ठेवतात. मजबूत असेल तर चालते, पण पाय फरशीवर घसरत नाहीत याची खात्री हवी. कमोड खुर्ची, वॉकर, काठी यांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेची शिबिरं होतात, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना 3000 रुपये खात्यात मिळतात. दोन्हीला वेळ लागतो, तोवर गावात कोणाच्या तरी घरात आधीच्या आजीचा वॉकर माळ्यावर पडलेला असतो. आशाताईला ते घर माहीत असतं.

सारवलेली जमीन ओली असताना वॉकरचं रबर सरकतं. सारवण पेशंट झोपलेली असताना, आणि वाळेपर्यंत उठायचं नाही. वॉकरच्या खालची रबरी बूच झिजली की बदलायची, सायकलच्या दुकानातलं रबर बसत नाही.

दिवाळीपासून पुढचे दोन-तीन महिने कापूस वेचणीचे. सकाळी आठ ते संध्याकाळ घरात कोणीच नसतं. सुनेला "सोबत राहा" म्हणणं म्हणजे तिची मजुरी बुडवणं आहे, आणि ती तोंडावर हो म्हणून वावरात जाईलच. त्यापेक्षा तिच्याबरोबर बसून दिवस आखा: ती जाण्याआधी न्हाणं, नाश्ता, दहा पावलं, दुपारी शेजारची कोण येऊन पाणी-भाकर देईल आणि एकदा उठवेल, हाताशी पाण्याचा तांब्या आणि हाक मारायला ताटली-चमचा. पेशंट एकटीने उठणार नाही असं गृहीत धरू नका. ती उठणारच आहे, म्हणून रस्ता मोकळा करा.

खाण्यात भाकरी-चटणीच्या जोडीला डाळ, दूध, दही, अंडं. खाल्लं जात नसेल तर दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. कवळी नीट बसत नसेल तर वरणात कुस्करून. तीळ आणि जवसाची चटणी आपल्या घरात असतेच, ती कॅल्शियमच्या गोळीची जागा घेत नाही पण खावी.

आता एक धोक्याची जागा. 60,000 युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी किंवा गोळी बहुधा आठवड्यातून एकदा लिहिलेली असते. घरी ती रोज घेतली जाते, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. तसंच हाडं मजबूत करणारी अलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि खायचंही नाही. ज्यांना बसवत नाही त्यांनी ती घेऊच नये. दोन्ही पाकिटांवर वार लिहा, जमलं तर बाजाराचा वार ठरवून टाका. अशी गोळी किंवा इंजेक्शन लिहिलेलंच नसेल तर डॉक्टरांना विचारा. एकदा साध्या पडण्याने हाड मोडलं की पुढचं मोडण्याची शक्यता वाढलेली असते, आणि ऑपरेशनच्या गडबडीत हा भाग राहून जातो. मनगट मोडून आलेल्या साठीच्या बाईच्या बाबतीत तर हमखास राहतो. प्लास्टर घातलं की ती घरी. खुबा मोडण्याआधीची तीच खरी संधी असते.

सुट्टी देताना डिस्चार्ज कार्डाला एक मराठी चिठ्ठी जोडा. ठळक अक्षरं, दहा ओळींच्या आत: पायावर किती वजन, काय करायचं नाही, कोणती गोळी कोणत्या वारी, टाके कधी, साधारण बारा ते चौदा दिवसांनी, आणि कुठे काढायचे. खाली, लगेच यायची कारणं: जखमेतून पू किंवा पाणी, ताप, एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, पाय एकाएकी आखूड होऊन भार घेववेना, पुन्हा बरळणं. त्याखाली वॉर्डाचा नंबर.

चिठ्ठीचा फोटो आशाताईला आणि गावच्या आरोग्य मंदिराच्या (उपकेंद्राच्या) सीएचओंना, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, पाठवा आणि त्यांना नेमकी कामं द्या. दोन दिवसांत एक भेट, त्यात माकडहाड, टाचा आणि जखम उघडून पाहणं, गोळ्या मोजणं, आणि पेशंटला आपल्यासमोर खाटेवरून उठायला लावणं. "कशी आहेस आजी?" विचारून परत येणं ही भेट नाही. टाके काढायला पेशंट आली नाही तर त्याच दुपारी तुम्ही फोन करायचा. फोन लागला नाही तर आशाताईला. तोही नाही लागला तर त्या गावच्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप द्या, पोचतो.